‘दुखतंय का?’ हे विचारू नका: मधुमेही पाय आणि ग्रुपमधली सोबत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तुम्हाला बारा वर्षांपासून टाइप 2 मधुमेह आहे. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी पायांची संवेदना कमी झाल्याचं सांगितलं आणि रोज पाय बघायला बजावलं. काही दिवस तुम्ही ते नेमाने केलंत, मग मागे पडलं. मधल्या काळात मधुमेह असलेल्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये तुम्ही गेलात. तिथे लोक रोज पाय पाहिल्याचं कळवतात, फोटो टाकतात, एकमेकांना सल्ले देतात. पत्नीला हे पटत नाही. अनोळखी माणसांना पाय दाखवून काय साधणार, असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला मात्र तिथे मोकळं वाटतं. आणि आता ग्रुप सांभाळायला मदत कराल का, असं तुम्हाला विचारलं गेलंय. तेव्हा ग्रुपवर किती भरवसा ठेवावा आणि ही जबाबदारी अंगावर घ्यावी का, हा तुमचा प्रश्न.

मी मधुमेहींच्या पायांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. माझं उत्तर असं की पाय बघायची आठवण राहावी आणि गरज पडताच दवाखान्याची पायरी चढावी, एवढ्यासाठी ग्रुपवर खुशाल विसंबा. पायाला नेमकं काय झालंय हे ठरवायला मात्र अजिबात विसंबू नका. वाचताना हे सरळ वाटतं. प्रत्यक्षात ग्रुपमध्ये या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ होते की चांगल्या मनाने दिलेला सल्लाच घात करतो. ते कसं, हे सांगण्यासाठीच हे उत्तर लांबलंय.

पहिली गोष्ट, पाय बघणं सुटलं म्हणून स्वतःला आळशी म्हणू नका. पॉल ब्रँड नावाचे एक शल्यविशारद 1946 मध्ये भारतात आले आणि वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करू लागले. हातापायांची बोटं या रोगानेच झडतात, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत. ब्रँड यांनी दाखवून दिलं की पुष्कळसं नुकसान रोगाने थेट होत नाही. वेदना कळत नसल्यामुळे रोजच्या वापरात ज्या इजा होत राहतात, त्यांनी होतं. पुढे अमेरिकेत कार्व्हिल इथे काम करताना हाच विचार त्यांनी मधुमेही पायांना लावला. आजही माझं अर्धं काम त्याच विचारावर चालतं.

चालताना बूट चावायला लागला की आपण नकळत पाय जरासा तिरका टाकतो. बराच वेळ उभं राहिलं की भार या पायावरून त्या पायावर जातो. बुटात खडा आला की दोन पावलांत आपण थांबतो. यातलं काहीही आपण ठरवून करत नाही, वेदना करून घेते. नसा निकामी झाल्या की हा सगळा कारभार बंद पडतो आणि कुणी तसं कळवतही नाही. नसांवर परिणाम झालेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना मुंग्या, जळजळ, बधिरपणा यातलं काहीच जाणवत नाही. म्हणजे जे काम आपोआप व्हायचं ते आता रोज आठवणीने, डोळ्यांनी आणि हातांनी करायचं. आणि रोज बघून रोज काय दिसतं? काहीच नाही. ज्या कामाचं फळ ‘आज काही दिसलं नाही’ एवढंच असतं, ते काम कुणाच्याही हातून सुटतं. माझ्याही सुटलं असतं.

माहिती देऊन हे सुधारत नाही, हे मला पटायला फार अवघड गेलं नाही, कारण माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेकांना नियम पाठ असतात. मधुमेहींना पायांच्या काळजीचं शिक्षण दिल्याने जखमा आणि पाय कापण्याची वेळ टळते का, याचा कॉक्रेनचा (वैद्यकीय संशोधनातले पुरावे एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) एक आढावा आहे. त्याचा निष्कर्ष असा की शिक्षणाने काही काळ माहिती वाढते, वागण्यातही थोडा फरक पडतो, पण नुसत्या शिक्षणाने जखमा आणि शस्त्रक्रिया कमी होतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. म्हणून चौथं माहितीपत्रक हातात देण्यापेक्षा ‘आज पाहिलेस का रे?’ असं विचारणारं कुणीतरी मिळवून देणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये मधुमेहातल्या परस्पर-आधारावर जिनिव्हाला तज्ज्ञांची एक बैठक घेतली होती. वर्षातले काही तास सोडले तर मधुमेही माणूस स्वतःची काळजी स्वतःच घेत असतो, आणि त्या उरलेल्या वेळात सोबत कोण करणार, हाच यातला मूळ मुद्दा आहे.

ग्रुपमुळे जखमा टळतातच असा दावा मी करणार नाही. पण ज्यांच्या हातून पाय बघणं सुटत नाही अशी माझ्याकडे येणारी माणसं बघितली, तर बहुतेकांच्या मागे कुणीतरी लागलेलं असतं. कधी मुलगी, कधी शेजारी, कधी असा एखादा ग्रुप.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते बघू, कारण ग्रुपमध्ये सगळ्यांचे पाय एका मापाने मोजले जातात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. संवेदना शाबूत, रक्तपुरवठा चांगला, अशा माणसाला वर्षातून एकदा पायांची तपासणी पुरते. संवेदना गेली असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल, तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही असेल, किंवा यातल्या एकाबरोबर पायाचा आकार बदललेला असेल (बोटं आकड्यासारखी वळलेली, चवड्याची हाडं खाली उतरलेली), तर तीन ते सहा महिन्यांनी. आणि संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी असून पूर्वी जखम होऊन गेली असेल, बोट वा पाय कापावा लागला असेल किंवा मूत्रपिंड निकामी झालं असेल, तर एक ते तीन महिन्यांनी. मधुमेही पायांवरच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने ही विभागणी केलेली आहे. तुमच्या डॉक्टरांनी बहुधा नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून पाहिला असेल; तो वाकेपर्यंत दाबला की 10 ग्रॅमचा भार पडतो. तो कळला नाही तर पायाचं संरक्षण करणारी संवेदना गेली असं धरतात. तुमच्या बाबतीत रक्तपुरवठ्याचं काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते विचारून घ्या. पहिल्या गटातल्या माणसाने ‘मला असंच झालं होतं, आपोआप गेलं’ असं खऱ्या मनाने लिहिलेलं असतं, आणि शेवटच्या गटातला माणूस ते वाचून चार दिवस घरी बसतो. दोघांच्या जखमा दिसायला सारख्या, पाय मात्र सारखे नाहीत.

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येते. ग्रुपमध्ये कुणी जखमेचा फोटो टाकला की खाली पहिला प्रश्न हमखास काय येतो, ते आठवून बघा. ‘दुखतंय का?’ आणि उत्तर येतं, ‘नाही हो, अजिबात नाही.’ मग सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. माणसाने माणसाला विचारण्याजोगा याहून साधा प्रश्न नाही, पण बधिर पायाच्या बाबतीत याच्याइतका फसवा प्रश्नही नाही. तळव्याला भोक पडलंय आणि दुखत नाही, ही काळजी वाढवणारी बातमी आहे. तसा उलटा प्रकारही असतो. एरवी बधिर असलेला पाय अचानक ठणकायला लागला, तर आत खोलवर संसर्ग पोचल्याची किंवा रक्तपुरवठा अडल्याची शंका घ्यावी लागते. म्हणून तुम्ही ग्रुप सांभाळणार असाल तर पहिला नियम हाच करा की जखमेखाली हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. त्याऐवजी हे विचारा: कातडी फुटली आहे का? दुसऱ्या पायापेक्षा हा पाय गरम लागतोय का? काल होतं त्याहून मोठं झालंय का? वास येतोय का? ताप किंवा थंडी वाजून येतेय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणाला दाखवलंत, नसेल तर कधी दाखवताय?

फोटोबद्दल जरा सविस्तर सांगते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायांच्या जखमांवर काम करणाऱ्या जाणकारांनाच मोबाइलवर काढलेले फोटो दाखवले आणि त्यावरून निष्कर्ष काढायला सांगितले. प्रत्यक्ष तपासणीत जे आढळलं होतं त्याच्याशी ते नीट जुळले नाहीत. केवळ फोटोवर विसंबून उपचार ठरवू नयेत असं त्या संशोधकांनी म्हटलं. जाणकारांची ही गत, तर ग्रुपमधल्या सदस्यांनी ‘बरी दिसतेय’ म्हणण्याला किती अर्थ आहे ते तुम्हीच ठरवा. नाडी फोटोत लागत नाही, ऊब कळत नाही, वास येत नाही. जखम किती खोल आहे ते तर मुळीच दिसत नाही.

एक उदाहरण देते. एका बाईंच्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मागच्या हाडापाशी, घट्टा होता. रुपयाएवढा, पिवळट, कोरडा, मधोमध काळसर ठिपका. त्यांनी ग्रुपमध्ये फोटो टाकला होता आणि ‘घट्टाच आहे, क्रीम लावत जा’ असं उत्तर मिळालं होतं. क्रीम त्या इमानदारीने लावत होत्या. मी ब्लेडने वरचा थर पातळ पातळ काढत गेले. आधी पिवळ्या साली निघाल्या, मग तपकिरी डाग लागला, मग ओलसरपणा, आणि तिसऱ्या-चौथ्या थराखाली पोकळी उघडली. हे सगळं चाललं असताना त्या फोनवर नातवाचे फोटो मला दाखवत होत्या. पायाला काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. घट्ट्यातला काळसर ठिपका म्हणजे बहुतेक वेळा आत झिरपलेलं रक्त. घट्टा स्वतःच खालच्या मांसावर दाब वाढवतो, दाबाने मांस चेचतं, आणि वरचं झाकण तसंच टणक, कोरडं राहतं. फोटोत झाकण दिसतं.

मग फोटो काढायचेच नाहीत का? काढा, जरूर काढा, पण स्वतःसाठी आणि तुमच्या डॉक्टरांसाठी. वाकून तळवा दिसत नसेल, किंवा डोळ्यांचाच त्रास असेल, तर फोन जमिनीवर ठेवून काढलेला फोटो मोठा करून बघता येतो; आरशाने जे जमत नाही ते याने जमतं. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढला तर फरक कळतो. आणि ‘मला तळव्यावर हे दिसतंय, मी दाखवायला निघालोय’ म्हणून ग्रुपमध्ये टाकलात तरी चालेल. ‘हे काय असेल?’ म्हणून टाकू नका.

एका गोष्टीसाठी तर फोटो पूर्ण निरुपयोगी आहे, ती म्हणजे शार्को पाय. जखम नाही, कातडी फुटलेली नाही, पण अख्खं पाऊल सुजलेलं, लालसर आणि हाताला गरम. दुखणं थोडं किंवा नाहीच. आत बधिर पायाची हाडं आणि सांधे मोडत-सरकत असतात आणि माणूस त्यावरून चालत असतो. ग्रुपमध्ये याला ‘मुरगळला असेल’, ‘युरिक ॲसिड तपासा’ अशी उत्तरं मिळतात. दवाखान्यातही कधीकधी मिळतात, हे कबूल करायला हवं. संवेदना गेलेला एक पाय अचानक गरम आणि सुजलेला दिसला तर त्यावर भार टाकणं त्याच क्षणी थांबवायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. पुढे निदान काहीही निघो.

तर इथवरचं थोडक्यात: रोज बघायला लावणं हे ग्रुपचं काम, जखमेचं निदान हे ग्रुपचं काम नाही, आणि दुखत नाही यावरून काहीही ठरवायचं नाही.

आता ग्रुपने उत्तर तरी काय द्यावं? समजा कुणीतरी रात्री लिहिलं, ‘करंगळीच्या बाजूला फोड फुटलाय, पाणी येतंय.’ मला आवडेल असं उत्तर काहीसं असं असेल: ‘स्वच्छ पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, निर्जंतुक कोरडी पट्टी लावा. तो बूट पुन्हा घालू नका. शक्य तितकं चालू नका. उद्या सकाळी कुठे दाखवणार? नऊ वाजता मी फोन करून विचारतो.’ बस्स. यात एकही औषधाचं नाव नाही. आणि शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे, कारण जखम लपवणाऱ्यांची संख्या तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे. ओरडा बसेल, साखरेवरून बोलणी खावी लागतील, पाय कापायला सांगतील, या धास्तीने लोक थांबतात. मी ‘ताबडतोब या’ म्हटलं तर त्यांना आणखी भीती वाटते. तेच एखाद्या सोबत्याने ‘मीही असाच आठवडाभर गप्प बसलो होतो, तू बसू नकोस, चल’ म्हटलं की पाय निघतो. इथे तुमच्या ग्रुपला माझ्यापेक्षा जास्त वजन आहे.

किती घाई करायची? ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक सूचना मधुमेही पायाला नवी जखम झाली की एका कामकाजाच्या दिवसात पायांच्या तज्ज्ञ पथकाकडे पाठवा असं सांगते. प्रत्येक ठिकाणी असं पथक नसतं, पण मोजमाप म्हणून हेच डोळ्यांपुढे ठेवा: बधिर पायाची कातडी फुटली की आज नाहीतर उद्या. लाली जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे पसरत असेल, पू किंवा घाण वास असेल, बोट काळं-निळं पडत असेल, ताप असेल, तर ‘उद्या’सुद्धा नाही, रात्र असली तरी निघायचं. सुट्टी संपेपर्यंत थांबू, असं ग्रुपमध्ये कुणी लिहिलं तर तो संदेश काढून टाकायचा अधिकार सांभाळणाऱ्याने वापरावा.

एका बाबतीत मात्र तुम्ही लोक आम्हा डॉक्टरांच्या पुढे आहात, आणि ती बाब छोटी नाही. तळव्याच्या जखमेवरचा मुख्य उपचार मलम नसतो, तिच्यावरचा भार काढणं हा असतो. त्यासाठी आम्ही गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर किंवा काढता न येणारा बूट देतो. सांगायला मला दोन मिनिटं लागतात. पण ते घालून आंघोळ कशी करायची, जिना कसा उतरायचा, झोपेत कूस कशी बदलायची, एक पाय उंच झाल्याने कंबर धरते त्याचं काय करायचं, कामावर काय सांगायचं, हे ज्याने ते आठवड्यामागून आठवडे घातलंय त्यालाच माहीत. काढता येणारा बूट दिला तर लोक घरात तो काढून ठेवतात, ‘चार पावलं तर चालायची’ म्हणून. दिवसातली सगळ्यात जास्त पावलं त्या चार पावलांच्या हिशेबातच पडतात. एका गृहस्थांना ग्रुपमधल्या कुणीतरी सुचवलं की बूट काढायचाच नाही असं म्हणण्याऐवजी पलंगाला, खुर्चीला आणि संडासाच्या दाराला एकेक चिठ्ठी लावा. ते मला सुचलं नसतं. अशा युक्त्यांची देवाणघेवाण जितकी होईल तितकी हवी.

जखम भरून आल्यावरचा काळही तसाच. लोक म्हणतात बरा झालो, आणि ग्रुप सोडतात. तर भरलेल्या जखमांपैकी सुमारे 40 टक्के एका वर्षात आणि सुमारे 65 टक्के पाच वर्षांत पुन्हा उद्भवतात. म्हणजे ज्याची जखम भरली तो माणूस ग्रुपमधला सगळ्यात अनुभवी आणि सगळ्यात धोक्यातला, दोन्ही एकदमच. त्यांना जाऊ देऊ नका. त्यांच्यासाठी एक जास्तीचा उपाय आहे. दोन्ही तळव्यांवर ठरलेल्या त्याच जागी रोज तापमान मोजायचं. एखाद्या जागी दोन पायांत 2.2 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक लागोपाठ दोन दिवस दिसला, तर चालणं कमी करायचं आणि दवाखान्यात कळवायचं. कातडी फुटायच्या आधी आतली जागा तापते, म्हणून हे करायचं. हे रोजचं मोजणं एकट्याने फार कंटाळवाणं होतं. आकडे ग्रुपमध्ये टाकायचे असले की टिकतं.

आता ग्रुपमधल्या ज्या गोष्टी मला खटकतात त्या भराभर सांगते. कापलेल्या पायांचे फोटो ‘बघा, सावध व्हा’ म्हणून फिरवणं. भीतीने माणूस पायाकडे बघायचा थांबतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की तसे फोटो दिसले तर मी सरळ काढायला सांगते. दुसरं, उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांची नावं सांगणं. तिसरं, कॉर्न कॅप, म्हणजे कुरूपावर चिकटवायची औषधी पट्टी; तिच्यातलं ॲसिड घट्टा आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही, आणि बधिर पायाला ते भाजल्याचं कळत नाही. तीच गोष्ट घरी ब्लेडने कुरूप खरवडण्याची, शेकण्याची, गरम पाण्यात पाय बुडवून बसण्याची. चौथं, तेलं, लेप आणि ‘खास मधुमेही’ बूट विकणारे सदस्य. विक्रीला पूर्ण बंदी घाला, एकालाही सवलत नको. आणि फोटोत चेहरा, नाव किंवा रिपोर्टवरचा नंबर येऊ देऊ नका. ग्रुपमधला फोटो ग्रुपमध्येच राहील असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पत्नीची शंका या एका बाबतीत अगदी रास्त आहे.

त्यांनाच यात ओढा, असं मी सुचवीन. इप्सविच स्पर्श चाचणी म्हणून एक साधी पद्धत आहे, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेली; मुळात रुग्णालयात दाखल असलेल्यांसाठी आखलेली, पण घरच्यांनाही करता येण्याजोगी. तुम्ही डोळे मिटून पाय सोडून बसायचं. त्यांनी तर्जनीच्या टोकाने तुमच्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आळीपाळीने हलकासा स्पर्श करायचा, एक-दोन सेकंद, दोन्ही पायांना. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत आणि एकाच बोटाला पुन्हा हात लावून बघायचं नाही. स्पर्श कळला की तुम्ही डावा किंवा उजवा म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संरक्षक संवेदना गेलेली असण्याची शक्यता मोठी. तुमचं निदान तर झालेलंच आहे, मग कशाला? कारण तुम्ही गप्प बसलेले असताना त्यांचं बोट तुमच्या करंगळीला टेकलेलं असतं, आणि ते त्या स्वतः बघतात. त्यानंतर रोज पाय बघण्यावरून घरात वाद फारसा होत नाही. दवाखान्यातली तपासणी याने टळत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

रोज बघायचं म्हणजे काय, तेही ग्रुपमध्ये एकदा नीट लिहून ठेवा, कारण ‘पाहिले’ म्हणणारे पुष्कळ जण वरून पाऊल बघतात. तळवा, टाचेची कड, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा आणि बोटांचे माथे, जिथे बूट घासतो. पांढऱ्या, ओलसर बेचक्या, टाचेच्या भेगा, नवी लाली. मग बुटात हात घालून आत काही पडलंय का, शिवण उचकटलीय का, ते चाचपायचं. हे मी कधीच वगळू देत नाही. एका माणसाच्या बुटातून मी शर्टाचं बटण काढलंय. सकाळपासून ते त्याच्या तळव्याखाली होतं आणि त्याचे चार भोकांसह ठसे उमटले होते. क्रीम तळव्याला लावा, बेचक्यांत नको. नखं सरळ कापा. घरातही अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर फिरू नका. बाकीचे नियम तुम्हाला माहीत आहेतच.

तर जबाबदारी घ्यावी का? घ्या, पण एकट्याने घेऊ नका. निदान तिघं जण असू द्या आणि रात्रीच्या संदेशांना कोण उत्तर देणार ते वाटून घ्या, नाहीतर दुसऱ्यांच्या पायांच्या काळजीने तुमची झोप उडेल. हजेरी साधी ठेवा: रोज एक ठरलेली वेळ, ‘पाहिले, ठीक’ किंवा ‘पाहिले, दाखवायला जातोय’, यापलीकडे काही लिहायची सक्ती नको. सलग दोन दिवस कुणाची नोंद नसेल तर सगळ्यांसमोर नाव न घेता वैयक्तिक संदेश पाठवा. साखरेचे आकडे या हजेरीत मागू नका. ज्याचे आकडे बिघडलेत तो आधी गप्प होतो, आणि नेमकं त्याचंच कळायला हवं असतं. जमलं तर एखादी पायांच्या जखमांचं काम करणारी नर्स किंवा डॉक्टर महिन्यातून एकदा शंका घ्यायला तयार होतात का बघा. मात्र ‘आपल्या ग्रुपमध्ये डॉक्टर आहेत’ हे फोटो टाकायचं निमित्त होऊ देऊ नका.

आणि सुरू करण्याआधी एक काम करा. प्रत्येक सदस्याने स्वतःच्या दवाखान्याचा नंबर, दवाखाना बंद असताना कुठे जायचं ते ठिकाण, आणि आपला पाय वर सांगितलेल्या कोणत्या गटात मोडतो, एवढं विचारून स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवावं. तुम्ही तुमच्या पुढच्या तपासणीची वाट न पाहता या आठवड्यातच फोन करून विचारा, आणि त्याच फोनवर पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी झाली होती का, तेही.